विखुरलेल्या प्रकाशातून त्वचेखालचा ऑक्सिजन कसा मोजावा: नव्या संशोधकांसाठी मार्गदर्शन

हाताच्या त्वचेवर एका बारीक फायबरमधून पांढरा प्रकाश सोडला आणि त्यापासून दोन मिलिमीटरवर टेकवलेल्या दुसऱ्या फायबरने परत आलेला प्रकाश गोळा केला, तर त्या प्रकाशाच्या वर्णपटात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: वाटेत किती रक्त भेटले, त्या रक्तात ऑक्सिजन किती होता आणि ऊतीची सूक्ष्म बांधणी कशी होती. सुई न टोचता आणि ऊतीचा तुकडा न काढता ही माहिती मिळत असल्यामुळे मधुमेही पायाच्या जखमा, भाजलेली त्वचा, तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे अशा अनेक विषयांवरील संशोधनात हे तंत्र वापरले जाते. प्रयोगशाळांमध्ये ते डिफ्यूज रिफ्लेक्टन्स स्पेक्ट्रोस्कोपी या नावाने ओळखले जाते. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा भौतिकशास्त्र विभागात हे मोजमाप पहिल्यांदाच उभे करणाऱ्यांसाठी पुढील मजकूर लिहिला आहे.

हे उपकरण ऑक्सिजन मोजत नाही, हे आधी पक्के समजून घेतले पाहिजे. उपकरण मोजते तो फक्त प्रत्येक तरंगलांबीला परत आलेला प्रकाश. ऑक्सिजनचा आकडा त्यावर बसवलेल्या गणितातून येतो. गणितातील एखादे गृहीतक चुकले तरी पडद्यावर आकडा उमटतोच, आणि तो दिसायला अगदी विश्वासार्ह असतो. म्हणून ज्याचे उत्तर आपल्याला आधीपासून ठाऊक आहे अशा पदार्थावर ही पद्धत सिद्ध झाल्याशिवाय प्रोब, म्हणजे फायबरची टोके बसवलेला भाग, माणसाच्या अंगाला लावू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखात सर्वाधिक जागा त्याच कामाला दिली आहे.

ऊतीत शिरलेल्या प्रकाशाचे काय होते

मऊ ऊतीत शिरलेला फोटॉन साधारण एक दशांश मिलिमीटर जाईपर्यंतच कशाला तरी धडकून दिशा बदलतो. पेशींचे पटल, केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, कोलॅजेनचे तंतू या सर्वांचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवापेक्षा थोडा वेगळा असतो आणि त्या फरकामुळेच विकिरण, म्हणजे प्रकाशाचे विखुरणे, होते. मात्र प्रत्येक धडकेत फोटॉन बहुतांशी पुढच्याच दिशेने सरकतो, त्यामुळे मूळ दिशा पूर्णपणे विसरली जायला सुमारे एक मिलिमीटर अंतर लागते. या दोन्ही बाबी एकत्र करून जो गुणांक काढतात त्याला परिणामी विकिरण गुणांक म्हणू. बहुतेक मऊ ऊतींमध्ये निकट-अवरक्त (लाल रंगाच्या लगत पलीकडच्या) पट्ट्यात तो १० प्रति सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि तरंगलांबी वाढत जाईल तसा हळूहळू उतरतो.

शोषणाची कथा वेगळी आहे. दृश्य प्रकाशात मुख्य शोषक हिमोग्लोबिन आणि त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे आहेत. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनला ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरजवळ दोन शिखरे असतात, तर ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनला तेथे ५५६ च्या सुमारास एकच रुंद शिखर असते. दोन शिखरांचे एका शिखरात झालेले रूपांतर नुसत्या डोळ्यांनाही आलेखावर दिसते. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात शोषण इतके कमी होते की प्रकाश सेंटीमीटरच्या मापात खोल जातो. ड्यूक विद्यापीठातील फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ मध्ये याच पट्ट्याचा उपयोग करून मेंदूतील ऑक्सिजनचे बदल बाहेरून टिपता येतात हे दाखवले आणि तेथून निकट-अवरक्त मोजमापाची मोठी शाखा उभी राहिली. याच पट्ट्यात ७६० नॅनोमीटरला ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचे एक छोटे शिखर आहे, आणि ८०० च्या आसपास दोन्ही प्रकारांचे शोषण सारखे होते.

प्रकाश सोडणारा आणि गोळा करणारा फायबर यांच्यातील फोटॉनची सरासरी वाट केळ्याच्या आकाराची असते. दोन फायबरमधील अंतर वाढवले की ती वाट खोल जाते. स्थूलमानाने पाहणीची खोली या अंतराच्या एक तृतीयांश ते निम्मी धरतात. म्हणूनच मेंदूसाठी तीन सेंटीमीटर अंतर घेतात, तर त्वचेच्या आतल्या थरासाठी दोन मिलिमीटर पुरते. परंतु ही खोली सर्व रंगांसाठी सारखी नसते, कारण ५४० नॅनोमीटरला रक्त प्रकाश भरपूर शोषते आणि वाट उथळ राहते, तर ६५० ला ती बरीच खोल जाते. एकाच वर्णपटाचा डावा भाग आणि उजवा भाग ऊतीच्या वेगवेगळ्या थरांविषयी बोलत असतात, ही बाब निष्कर्ष लिहिताना हमखास विसरली जाते.

साहित्य आणि जुळणी

टंगस्टन हॅलोजन दिवा, ४५० ते ९०० नॅनोमीटरपर्यंत चालणारा फायबर-जोडणीचा स्पेक्ट्रोमीटर, २०० ते ४०० मायक्रोमीटर गाभ्याचे दोन फायबर एका टोपीत पक्के बसवलेला प्रोब आणि प्रमाणित पांढरा परावर्तक एवढ्यावर काम सुरू होते. दिव्याचा प्रकाश स्थिर व्हायला अर्धा तास द्यावा. प्रकाशझोत अडवणारे शटर दिव्याच्या तोंडाशी असावे. दिवा बंद-चालू करून अंधाराचे वाचन घेणे योग्य नाही, कारण प्रत्येक वेळी दिव्याचे तापमान आणि त्याबरोबर वर्णपटही बदलतो. फायबर वाकला की त्यातून जाणारा प्रकाश बदलतो, म्हणून त्याची संपूर्ण लांबी टेबलाला आणि स्टँडला चिकटपट्टीने बांधून ठेवावी आणि शेवटचा हातभर भागच मोकळा सोडावा.

तरंगलांबीची तपासणी पारा-अर्गॉन दिव्याने करावी. पाऱ्याची ५४६.१ आणि अर्गॉनच्या ६९६.५ व ७६३.५ नॅनोमीटरच्या रेषा आपापल्या जागी येतात का ते पाहावे. हिमोग्लोबिनची शिखरे अरुंद आणि एकमेकांना लागून असल्यामुळे येथे एक-दोन नॅनोमीटरची सरक झाली तरी संपृक्ततेचा, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनयुक्त आहे त्याचा, आकडा हलतो.

याच ५४६.१ रेषेमुळे आणखी एक काळजी घ्यावी लागते. रुग्णालयात अजूनही जुन्या ट्यूबलाइट असतात. त्यांच्यातील पाऱ्याची ही हिरवी रेषा नेमकी ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनच्या ५४२ च्या शिखराला लागून पडते आणि प्रोबच्या कडेने आत शिरली तर ऑक्सिजनचा आकडा बिघडवते. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे फार कमी वेळाची वाचने घेतल्यास खोलीचा प्रकाश प्रत्येक वाचनात वेगळा येतो. खोलीत अंधार करावा, मोजमापाच्या जागेवर काळे कापड टाकावे, आणि तरीही प्रत्येक मोजमापाच्या वेळी प्रोब त्वचेवर तसाच ठेवून शटर बंद करून अंधाराचे वाचन घ्यावे. सकाळी एकदा घेतलेले वाचन दिवसभर वापरू नये, कारण स्पेक्ट्रोमीटरमधील प्रकाश टिपणारा शोधक तापत जातो तसा त्याचा स्वतःचा संकेतही वाढतो.

पांढऱ्या परावर्तकाचे वाचन प्रोब त्याला चिकटवून घेण्याची चूक नवे लोक करतात. चिकटवल्यावर दोन फायबरमधील अंतर ओलांडून फारच थोडा प्रकाश पलीकडे पोहोचतो आणि वाचन प्रोबच्या अगदी सूक्ष्म हालचालीवर अवलंबून राहते. आतून काळी केलेली छोटी नळी बनवून परावर्तकापासूनचे अंतर कायमचे ठरवून टाकावे. ते अंतर नेमके किती यापेक्षा ते रोज तेच राहणे महत्त्वाचे आहे.

ऊतीचे परावर्तन काढताना त्वचेच्या वाचनातून त्वचेवरचे अंधाराचे वाचन वजा करावे, पांढऱ्या परावर्तकाच्या वाचनातून त्याचे अंधाराचे वाचन वजा करावे आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावे. दोन्ही वाचनांसाठी प्रकाश जमा करण्याचा कालावधी वेगळा असेल तर त्याची दुरुस्ती करावी. मूळ चारही फायली जशाच्या तशा जपून ठेवाव्यात. भागाकारानंतरचा वर्णपट तेवढा ठेवून मूळ वाचने पुसली तर पुढे एखादी शंका आल्यास मागे जाण्याची वाटच राहत नाही.

फँटम: उत्तर ठाऊक असलेली ऊती

ऊतीसारखे प्रकाशगुण असलेल्या बनावट पदार्थाला या क्षेत्रात फँटम म्हणतात. सर्वांत सोपा द्रव फँटम इंट्रालिपिड आणि काळी शाई यांचा होतो. इंट्रालिपिड हे शिरेतून पोषण देण्यासाठी रुग्णालयात वापरले जाणारे स्निग्ध पायस आहे. २० टक्के स्निग्धतेच्या बाटलीतील एक भाग पायस आणि १९ भाग शुद्ध पाणी घेतले की एक टक्का स्निग्धतेचे दुधाळ द्रावण तयार होते, आणि ७५० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा परिणामी विकिरण गुणांक सुमारे १० प्रति सेंटीमीटर येतो, म्हणजे जवळजवळ मऊ ऊतीइतका. प्रमाण बदलून तो हवा तसा वरखाली करता येतो.

शाईच्या बाबतीत मात्र कोणत्याही छापील आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक बाटलीचे शोषण निराळे असते, तळाशी कण बसतात, आणि शाईतील कण स्वतःही थोडा प्रकाश विखुरतात. बाटली नीट हलवून शाई पाण्यात पातळ करावी, पातळ शाईचे शोषण एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक पात्रात) साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजावे आणि त्यावरून आपल्या फँटमचा शोषण गुणांक काढावा. स्पेक्ट्रोफोटोमीटर दशमान लॉगरिदमात आकडा देतो, तर ऊतीचे गणित नैसर्गिक लॉगरिदमावर चालते. त्यामुळे त्या आकड्याला २.३०३ ने गुणावे लागते. हा गुणाकार राहून गेल्यामुळे रक्ताचे प्रमाण दुपटीहून चुकलेले दिसते आणि विद्यार्थी प्रोबमध्ये दोष शोधत बसतात. याच जातीची दुसरी चूक हिमोग्लोबिनच्या तक्त्यांत होते. काही तक्ते चार हीम (ऑक्सिजन धरणारे लोहयुक्त भाग) असलेल्या संपूर्ण रेणूसाठी असतात, काही एका हीमसाठी, आणि त्यांच्यात चारपटीचा फरक पडतो. संपूर्ण रेणूचा रेणुभार सुमारे ६४,५०० ग्रॅम प्रति मोल धरला तर लिटरमागे १५० ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या रक्तात त्याची संहती २.३ मिलिमोलर येते. तक्ता वापरण्यापूर्वी या आकड्याशी ताळा करून पाहावा.

एकाच फँटमवर समाधान मानू नये. विकिरणाच्या किमान तीन पातळ्या आणि प्रत्येकीत शोषणाच्या चार पातळ्या घेऊन बारा द्रावणे करावीत, आणि आपल्या ऊतीचे अपेक्षित गुणांक या जाळीच्या आत पडतील अशी आखणी करावी. भांडे आतून काळे आणि प्रोबच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठे असावे, नाहीतर भिंतींवरून परतलेला प्रकाश मोजमापात मिसळतो. प्रोबचे टोक द्रवाच्या पृष्ठभागाला जेमतेम बुडेल इतकेच ठेवावे आणि त्याखाली हवेचा बुडबुडा अडकला नाही ना हे दरवेळी डोळ्यांनी पाहावे. बारापैकी निम्म्या द्रावणांवर उपकरणाची जुळवणी करावी आणि उरलेल्या निम्म्यांवर तिची परीक्षा घ्यावी. ज्या द्रावणांवरून जुळवणी केली त्यांच्यावरच ती तपासणे म्हणजे काहीच न तपासणे होय. माझ्या मते न पाहिलेल्या द्रावणांवर दोन्ही गुणांक दहा टक्क्यांच्या आत येईपर्यंत पुढे सरकू नये. शाई वाढवल्यावर विकिरणाचा आकडाही वाढत असेल, तर गणिताला शोषण आणि विकिरण वेगळे ओळखता येत नाहीत, हे निश्चित समजावे.

शाईचा फँटम गुणांकांची परीक्षा घेतो, ऑक्सिजनची नाही. त्यासाठी इंट्रालिपिड आणि क्षारयुक्त बफर यांच्या मिश्रणात थोडे रक्त घालतात, ते ३७ अंश सेल्सिअसला हलवत ठेवतात आणि त्यात बेकरीचे यीस्ट टाकतात. यीस्ट श्वसनासाठी ऑक्सिजन वापरत जाते, रक्ताची संपृक्तता हळूहळू पूर्ण वरून शून्याकडे उतरते आणि नंतर ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून ती पुन्हा चढवता येते. द्रवात ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड ठेवला की आपल्या आकड्याची त्याच्याशी तुलना होते. एका दुपारच्या या प्रयोगात दोन शिखरांचे एक शिखर होताना प्रत्यक्ष दिसते, आणि उपकरण संपृक्ततेच्या कोणत्या टोकाला चुकते हेही कळते. रक्तपेढीतील मुदत संपलेले रक्त वापरण्यासाठीही संस्थेची परवानगी आवश्यक असते, हे लक्षात ठेवावे.

दररोजच्या तपासणीसाठी द्रव फँटम सोयीचा नाही, कारण तो नासतो. सिलिकॉनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि शाई घालून ओतलेला घट्ट ठोकळा महिनोन्महिने टिकतो. रोज सकाळी रुग्णापूर्वी त्यावर वाचन घ्यावे आणि आलेख वहीत चिकटवावा. प्रोबचे टोक झिजले, दिवा म्हातारा झाला किंवा फायबरला बारीक चीर गेली, तर सर्वांत आधी हा ठोकळा सांगतो.

गणित कोणते निवडावे

विसरण समीकरणावर, म्हणजे प्रकाश ऊतीत कसा पसरत जातो ते सांगणाऱ्या समीकरणावर, आधारलेले सूत्र अनेकांच्या हाती प्रथम येते. फॅरेल, पॅटरसन आणि विल्सन यांनी १९९२ मध्ये मांडलेले अंतरानुसार परावर्तनाचे सूत्र आजही वापरात आहे आणि ते संगणकावर क्षणात सुटते. पण ते वैध ठरण्यासाठी दोन अटी आहेत: विकिरण शोषणापेक्षा निदान दहापट असावे आणि फायबरमधील अंतर दिशा विसरण्याच्या अंतरापेक्षा बरेच जास्त असावे. निकट-अवरक्त पट्ट्यात सेंटीमीटरच्या अंतरावर दोन्ही अटी पाळल्या जातात. दोन मिलिमीटरवर ५४२ नॅनोमीटरला त्या डळमळतात. त्वचेसाठी म्हणून मॉन्टे कार्लो पद्धतीने एकेका फोटॉनची वाट संगणकावर चालवून बघणे आणि त्यातून गुणांकांच्या जोड्यांचा तक्ता तयार ठेवणे अधिक सुरक्षित आहे. वांग, जॅक्स आणि झेंग यांचा १९९५ चा अनेक थरांचा मॉन्टे कार्लो प्रोग्राम यासाठी मुक्तपणे उपलब्ध आहे.

जुळवणीत, म्हणजे मोजलेल्या वर्णपटाला गणिताचा वर्णपट बसवताना, अज्ञात जितके कमी तितके चांगले. रक्ताचे प्रमाण, संपृक्तता, मेलॅनिनचे प्रमाण, विकिरणाची पातळी आणि तरंगलांबीनुसार तिचा उतार, एवढे पाच पुरेसे आहेत. प्रत्येक तरंगलांबीला शोषण आणि विकिरण दोन्ही मोकळे सोडले तर कोणताही वर्णपट कोणत्याही उत्तराला जुळतो. जुळवणी निरनिराळ्या आरंभबिंदूंपासून करून सर्वांतून एकच उत्तर येते का ते पाहावे, आणि एखादे अज्ञात आपल्या मर्यादेला जाऊन टेकले असेल तर ते वाचन बाद करावे. जुळवणीनंतर उरलेल्या फरकाचा आलेख काढण्याची सवय लावून घ्यावी. तो फरक विस्कळीत असेल तर तो गोंगाट आहे, पण त्यात ५७७ जवळ नेमाने एक लाट दिसत असेल तर मॉडेलमधून काहीतरी सुटले आहे. अनेकदा सुटलेली गोष्ट अशी असते की रक्त ऊतीत सारखे पसरलेले नसून वाहिन्यांत कोंडलेले आहे; जाड वाहिनीच्या मध्यापर्यंत हिरवा प्रकाश पोहोचतच नाही आणि शिखरे चपटी दिसतात. त्यासाठी वाहिनीच्या त्रिज्येवर आधारलेला सुधारणा गुणक वापरतात.

मेलॅनिन

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे आणि बाहेरून आलेल्या कार्यपद्धतींमध्ये तो एका ओळीत संपवलेला असतो. मेलॅनिन त्वचेच्या सर्वांत वरच्या, एक दशांश मिलिमीटरहूनही पातळ थरात असते. प्रकाश जाताना एकदा आणि येताना एकदा त्यातून जातो. त्यामुळे ते ऊतीत मिसळलेल्या शोषकासारखे वागत नाही, वर ठेवलेल्या रंगीत काचेसारखे वागते. सावळ्या त्वचेत परत येणारा प्रकाश कमी, गोंगाट अधिक, आणि मेलॅनिनचे शोषण तरंगलांबी कमी होईल तसे झपाट्याने वाढत असल्यामुळे ते विकिरणाच्या उताराशी आणि रक्ताच्या प्रमाणाशी गणितात अदलाबदल करू शकते.

याचा परिणाम केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालणारा पल्स ऑक्सिमीटर कोविडच्या काळात महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ टक्के आकडा असताना धमनीतील खरी संपृक्तता ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के, तर गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के होते. नाडीच्या ठोक्यावर आधारल्यामुळे जे तंत्र त्वचेच्या रंगापासून मुक्त मानले जात होते त्याची ही अवस्था असेल, तर आपल्या पद्धतीत ठोक्याचा आधारही नाही हे ध्यानात घेऊन दुप्पट सावध राहिले पाहिजे.

म्हणून मॉडेलमध्ये मेलॅनिनचा पातळ थर वेगळा ठेवावा, फँटमवरही शोषक रंगाचा पातळ पडदा ठेवून परीक्षा घ्यावी, आणि अभ्यासात गव्हाळ ते गडद सावळ्या सर्व छटांची माणसे सुरुवातीपासून ठरवून घ्यावीत. त्वचेची छटा फिट्झपॅट्रिक वर्गांनी नोंदवणे पुरेसे नाही; ते वर्ग त्वचा उन्हात भाजते की काळवंडते यासाठी केलेले आहेत आणि आपल्याकडील बहुतेक माणसे त्यांतील दोन-तीन वर्गांतच कोंबली जातात. रंगमापकाने प्रत्येकाचे माप घेऊन आकड्यात नोंद करावी. नंतर संपृक्ततेचा आकडा मेलॅनिनच्या आकड्यासमोर मांडून पाहावा. निरोगी माणसांत या दोहोंचा काही संबंध दिसला, तर तो शरीराचा गुण मानण्यापूर्वी मोजमापाचा दोष मानावा.

माणसावर मोजमाप

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय पहिले वाचनही घेऊ नये. स्वतःच्या किंवा सहकाऱ्याच्या हातावरचे संशोधनासाठीचे वाचनही याला अपवाद नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी आधारभूत आहेत. उपकरण घरी बनवलेले असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली काही परवानगी लागते का, हा प्रश्न समितीपुढे सुरुवातीलाच ठेवावा. संमतिपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत असावे, आणि त्यात या मोजमापाचा तिच्या उपचाराशी संबंध नाही हे स्पष्ट वाक्यात लिहिलेले असावे. त्वचेवर पडणारा प्रकाश मर्यादेत असल्याची नोंद ठेवावी: लेझर वापरल्यास, ४०० ते ७०० नॅनोमीटरसाठी दीर्घकाळ पडणाऱ्या प्रकाशाची त्वचेवरची मर्यादा ०.२ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर आहे आणि ती ३.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सरासरी काढून तपासतात.

खोलीचे तापमान स्थिर ठेवावे, कारण थंड खोलीत त्वचेच्या वाहिन्या आकसतात आणि मोजायला रक्तच उरत नाही. उन्हातून चालत आलेल्या माणसाला निदान पंधरा मिनिटे बसू द्यावे. हात हृदयाच्या पातळीवर उशीवर ठेवावा. जागा निवडताना तीळ, जखमेचा व्रण, गोंदण, दिसणारी शीर आणि दाट केस टाळावेत. मेंदी आणि हळद यांविषयी आवर्जून विचारावे. दोन्हींचे रंग निळ्या-हिरव्या भागात प्रकाश शोषतात, आणि मेंदीचा फिकट अंश डोळ्यांना दिसेनासा झाल्यावरही मोजमापात राहण्याची शक्यता असते. त्वचेला तेल लावलेले असेल तर ते पुसून घ्यावे, कारण तेलाने पृष्ठभागावरचे परावर्तन बदलते.

यानंतर येतो दाब, आणि प्रत्यक्ष मोजमापात सर्वाधिक गोंधळ तोच घालतो. प्रोब थोडा जोरात टेकवला की केशवाहिन्यांतील रक्त बाजूला सरकते, रक्ताचे प्रमाण घटते आणि उरलेले रक्त अडकून पडल्यामुळे काही सेकंदांत संपृक्तताही उतरू लागते. हातात धरून प्रोब टेकवणाऱ्या दोन व्यक्तींचे आकडे याच कारणाने जुळत नाहीत. प्रोब हलक्या स्प्रिंगच्या धारकात बसवावा किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या कड्याने त्वचेवर बसवावा, आणि टेकवल्यानंतर ठरावीक सेकंदांनीच वाचन घ्यावे. प्रोब न हलवता घेतलेली लागोपाठची वाचने उपकरणाची स्थिरता सांगतात. प्रोब उचलून पुन्हा ठेवून घेतलेली वाचने पद्धतीची खरी अनिश्चितता सांगतात. अहवालात दुसरी द्यावी. पहिलीवरून काढलेली विचलनाची पट्टी मोहक दिसते, पण ती वाचकाची दिशाभूल करते.

पद्धत शरीरावर खरोखर चालते का, हे तपासण्यासाठी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधतात. पट्टा सुमारे ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवला की धमनीतून रक्त येत राहते पण शिरेतून परत जात नाही, म्हणून रक्ताचे प्रमाण वाढताना दिसले पाहिजे. सिस्टोलिक (वरच्या) दाबापेक्षा ५० ने वर नेला की दोन्ही बंद होतात. मग रक्ताचे प्रमाण जवळजवळ स्थिर राहून संपृक्तता घसरली पाहिजे, आणि तीन मिनिटांनी पट्टा सोडताच ती मूळ पातळीच्याही वर उसळून परत खाली यावी. संपृक्तता घसरताना रक्ताचे प्रमाणही तालात घसरत असेल, तर गणित एकाचा बदल दुसऱ्याच्या नावावर टाकत आहे. हा प्रयोग डॉक्टरांच्या उपस्थितीतच करावा, आणि डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी-शिरेची जोडणी) केलेली, हाताला लिम्फची सूज असलेली किंवा रक्ताची गुठळी होऊन गेलेली व्यक्ती त्यात घेऊ नये.

मिळालेला आकडा बोटावरच्या ऑक्सिमीटरशी जुळत नाही म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. ऑक्सिमीटर धमनीतील रक्ताचा आकडा देतो, तर आपल्या वाचनात लहान धमन्या, केशवाहिन्या आणि शिरा यांचे मिश्रण असते, म्हणून तो बराच खाली येतो. उलट, विश्रांतीतील त्वचेचा आकडा सर्वांमध्ये ९८ च्या आसपास येत असेल तर जुळवणी पुन्हा तपासावी.

याच कुळातील इतर तंत्रे

रक्ताचे प्रमाण नको असून त्याचा वेग हवा असेल तर लेझरच्या चमचमत्या ठिपक्यांचा वापर करावा. फर्चर आणि ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीत लाल पेशी वेगाने जात असतील तिथे ठिपके पुसट होतात आणि साध्या कॅमेऱ्यावरही त्यांचे चित्र मिळते. ऊतीच्या थरांचा मायक्रोमीटर पातळीवरील छेद हवा असेल तर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीचे तंत्र योग्य, आणि रेणूंची घडण हवी असेल तर रामन विकिरण. कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सापडलेल्या या परिणामावर आधारलेले तोंडाच्या कर्करोगाचे संशोधन नवी मुंबईत खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत झालेले आहे. रामन संकेत अत्यंत क्षीण असतो, त्यामुळे तेथे लेझर आणि स्पेक्ट्रोमीटर दोन्ही बरेच महाग पडतात. नव्या गटाने त्यापासून सुरुवात करू नये, असे मला वाटते.

निकाल लिहिताना

प्रोबमधील फायबरचे अंतर आणि जाडी, वापरलेली तरंगलांबीची पट्टी, हिमोग्लोबिनच्या तक्त्याचे मूळ, जुळवणीतील अज्ञात आणि त्यांच्या मर्यादा, फँटमवरची चूक, प्रोब पुन्हा ठेवून मिळालेले विचलन आणि सहभागी व्यक्तींच्या मेलॅनिन-मापाचा विस्तार या बाबी शोधनिबंधात असल्याच पाहिजेत. रक्ताचे प्रमाण फार कमी असलेल्या वाचनांत संपृक्तता काढण्याला अर्थ नसतो, म्हणून रक्ताच्या प्रमाणाची खालची मर्यादा मोजमाप सुरू करण्यापूर्वी ठरवावी, आकडे पाहून झाल्यावर नव्हे. किती वाचने बाद केली आणि कोणत्या कारणाने केली तेही लिहावे, आणि बाद झालेल्यांमध्ये गडद त्वचेच्या व्यक्तींचे प्रमाण अधिक आहे का, हे स्वतंत्र तक्त्यात द्यावे.